सहाशे बारावी चिठ्ठी

त्या गुरुवारी कारखान्याच्या यार्डात उसापेक्षा माणसंच जास्त जमली होती. बैलगाड्या एका अंगाला, ट्रॅक्टर दुसऱ्या अंगाला, आणि मधल्या मोकळ्या जागेत नंबराच्या ऑफिसच्या काचेला नाकं लावून चारपाचशे माणूस उभं. काचेच्या आत शक्तिनाथ महाराज कॉम्प्युटरला आंघोळ घालत होते.

आंघोळ म्हणजे पाण्याची नव्हे, धुराची. पत्र्याच्या मोठ्या डब्याभोवती काळा दोरा गुंडाळलेला, डब्यावर पाच लिंबं, समोर कापूर. महाराजांच्या अंगावर भगवी शाल आणि मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. बरोबर दीड वाजता त्यांनी हात वर केला. बाजूला उभ्या असलेल्या केदारसाहेबांनी, म्हणजे पुण्याच्या कंपनीनं इथं ठेवलेल्या माणसानं, बटणं दाबली आणि तिन्ही खिडक्यांवरच्या मॉनिटरचे पडदे काळे झाले.

"यंत्र झोपलं!" महाराज गरजले. "आता त्याच्या अंगातली बाधा मी उपसून काढतो. कोणी बोलायचं नाही. सन दोन हजार येतंय बाबांनो! एकावर एक तीन शून्यं! शून्य म्हणजे पोकळी. आणि पोकळीत काय शिरतं?"

"बाधा!" पुढच्या रांगेतली माणसं एका सुरात म्हणाली. त्यांना ते आदल्या दिवशीच पढवून ठेवलेलं असावं.

पाच मिनिटं महाराज डोळे मिटून बसले. मग त्यांनी डब्यावर चापट मारली, "ऊठ!" म्हणाले, केदारसाहेबांनी पुन्हा बटणं दाबली आणि थोड्या वेळानं पडदे उजळले. यार्डात असा जयघोष झाला की दोन बैल जू टाकून उधळले.

त्या दिवशी कॉम्प्युटर रात्री नऊपर्यंत बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दीडची पूजा आणि यंत्राची झोप आता रोजचीच झाली. हंगाम सुरू झाल्यापासून रोज दुपारी न चुकता मान टाकणारं ते यंत्र महाराजांच्या पाच लिंबांनी वठणीवर आलं, हे पंचक्रोशीनं डोळ्यांनी पाहिलं.

दीपानंही पाहिलं. फक्त तिनं ते बाहेरून, पत्र्याच्या शेडमधून पाहिलं. कारण महाराजांनी बाधेचं कारणही सांगितलं होतं, आणि ते कारण दीपा होती.

मुळात या कॉम्प्युटरचं काम साधं होतं. उसाची गाडी यार्डात आली की खिडकीवर तिची नोंद व्हायची आणि नंबराची छापील चिठ्ठी मिळायची. भोंग्यावर नंबर पुकारला की गाडीनं वजनकाट्यावर जायचं. जुना प्रोग्रॅम सन दोन हजार पाहून गोंधळेल म्हणून कारखान्यानं याच वर्षी पुण्याच्या एका कंपनीकडून नवा घेतला होता. सकाळी सहाला चेतन नावाचा ऑपरेटर यंत्र चालू करायचा. दुपारी दोनला त्याची पाळी संपली की दीपा बसायची, ती रात्री नऊपर्यंत. नऊला यंत्र बंद.

आणि तीन, साडेतीन, कधी चार वाजता ते धाडकन बंद पडायचं. नेहमी दीपाच्याच पाळीत. रांग पुसली जायची, सगळ्या गाड्या पुन्हा नोंदायला दोन-तीन तास जायचे. तोवर उन्हात बैल उभे, ऊस वाळतोय, ऊसतोडीचे टोळीवाले शिव्या घालतायत. चेतनच्या पाळीत एकदाही नाही. एकदाही! मग लोकांनी काय समजायचं?

"या खोलीत विटाळ शिरतो," असं महाराज पहिल्याच दिवशी म्हणाले होते. एवढंच. जातीचं नाव त्यांनी घेतलं नाही, बाईपणाचंही घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. दीपाच्या घरात कोणत्या दोन तसबिरी आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच दुपारी तिची खुर्ची शेडमध्ये आली, हातात वही आली आणि ट्रॅक्टरचे नंबर लिहून घ्यायचं काम आलं. आठवड्यानं पत्र आलं, की एक जानेवारीपासून आपली गरज नाही.

दीपाला नोकरीची चिंता होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी चिंता वेगळी होती. जिच्या नुसत्या बसण्यानं कॉम्प्युटर मरतो अशी मुलगी म्हणून एकदा नाव झालं, की नगरपासून शिर्डीपर्यंत कोण तिला यंत्राला हात लावू देणार? नगरला रोज एसटीनं जाऊन तिनं दोन वर्षांचा डिप्लोमा केला होता. तो चुलीत घालायचा?

"महाराजाला मी वळखतो," तिचे वडील कोंडीराम जेवताना म्हणाले. ते कारखान्यात बॉयलरवर होते. "आधी मोटारी चालू करायचा त्यो. हिरीवर जायचा, मंत्र म्हणायचा, आन् घटकाभरात मोटार सुरू! लोक पाया पडायचे. आरं, लाईट कवा येनार त्ये वायरमन त्याला आधीच सांगायचा."

"लोकांना दिसत नव्हतं?"

"बघायचं नसलं की कुठं दिसतं?" कोंडीरामांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आमी देव सोडले ते असली भुतं डोक्यावर घ्यायला न्हाई. तू रडू नको. शोध लाव."

"मी कुठं रडतेय?" दीपा फणकारली. ती खरंच रडत नव्हती. तिला संशय येत होता, आणि एकदा संशय आला की तिला दुसरं काही सुचत नसे.

संशय घड्याळाचा होता. महाराजांची पूजा कधी एकला नाही, कधी दोनला नाही, बरोबर दीडला. मुहूर्त तर तिथीप्रमाणे बदलायला हवा. दुसरा संशय बटणाचा. बाधा मंत्रानं जाते म्हणता, तर यंत्र बंद कशाला करावं लागतं? आणि तिसरा संशय केदारसाहेबांचा. इंग्रजी बोलणारा, कुणी टेबलावर चहाचा कप ठेवला तरी खेकसणारा हा माणूस त्याच टेबलावर कापूर कसा जाळू देतो? शिवाय एका दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या. दीपा बाहेर गेली आणि यंत्राची झोप सुरू झाली. गुण नक्की कशाचा, हे कुणी वेगळं करून पाहिलंच नव्हतं.

नंबराच्या ऑफिसात विष्णुपंत नावाचे जुने कारकून होते. भोंग्यावर नंबर पुकारायचं काम त्यांचं. कारखान्यात कुणाशी वाकडं नाही आणि कुणाच्या बाजूनंही नाही, असा माणूस. त्यांची एक खोड होती. कागद म्हणून फेकायचा नाही. त्यांच्या टेबलावर लाकडी ठोकळ्यात ठोकलेला लांब खिळा होता आणि त्यात सगळा हंगाम खोचलेला असे.

"पंत, यंत्र बंद पडायचं तेव्हा छापता छापता अडकलेली चिठ्ठी असायची ना? तिचं काय करता?" दीपानं खिडकीतून विचारलं.

"अर्धी चिठ्ठी? ती ज्याची त्याला आधी नंबर द्यायचा, असा यार्डाचा रिवाज आहे. नाहीतर डोकी फुटतील. चिठ्ठी मी ठेवतो."

"सगळ्या आहेत?"

"म्हणजे काय!" पंत दुखावलेच. त्यांनी खिळा उपसला आणि अर्धवट छापलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या काढून खिडकीतून सरकवल्या.

दर चिठ्ठीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक अनुक्रमांक छापलेला असे. यंत्र चालू केलं की तो एकपासून सुरू व्हायचा. तो कुणी वाचत नसे, कारण रांगेच्या नंबराशी त्याचा संबंध नव्हता. दीपानं पहिली चिठ्ठी पाहिली. सतरा नोव्हेंबर, तीन वाजून दहा मिनिटं, ६१२. दुसरी. अठरा नोव्हेंबर, चार वाजून पाच मिनिटं, ६१३. तिसरी. पावणेतीन, ६१२. चौथी, ६१२. पाचवी, ६१४.

वेळ रोज वेगळी, आकडा जवळपास तोच. दीपानं चिठ्ठ्या तारखेवार लावल्या आणि खिडकीतून परत सरकवल्या.

"पंत, हे वाचा."

पंतांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. एकवीस चिठ्ठ्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून वाचल्या. मग हळूच म्हणाले, "बाधेला मोजता येतं, असं दिसतंय."

"एकवीस का? हंगामाच्या सुरुवातीपासून महाराज येईपर्यंत दिवस तर बावीस होतात. एका दिवशी यंत्र पडलं नाही. मी तर रोज होते." तिनं तारखा जुळवल्या. "सात डिसेंबर. मंगळवार."

त्या मंगळवारी काय वेगळं होतं, ते तिला आठवेना. उत्तर मिळालं लंकाबाईकडून. ही पाथर्डीकडची ऊसतोड करणारी बाई, स्वतः गाडी हाकायची आणि तिच्यापुढं मुकादमसुद्धा आवाज खाली ठेवायचा.

"मंगळवारी व्हय? आवस हुती की त्या दिशी," लंकाबाई म्हणाली. "आवसंला बैल जुपत्यात का कुठं? आमी समदे कोपीवरच, झोपडीतच हुतो. निस्तं ट्रॅक्टर आन् ट्रका आल्या आसतील."

"म्हणजे गाड्या किती आल्या असतील?"

"दोनशे बी न्हाई."

दीपा मोठ्यानं हसली. अमावास्या! भुताखेतांचा खास दिवस, विटाळवाली बाई खुर्चीत, खोलीत एक लिंबू नाही, आणि यंत्र रात्री नऊपर्यंत ठणठणीत. कारण बैल सुट्टीवर होते. चिठ्ठ्या सहाशेपर्यंत गेल्याच नाहीत.

आणि सहाशे बारा चिठ्ठ्या व्हायला सकाळी सहापासून दुपारचे तीन-चार वाजतात. म्हणून चेतन सुटायचा आणि ती सापडायची. धावण्याच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्यावर उभं राहणाऱ्याच्या डोक्यावर खापर फोडावं, तसा हा प्रकार. दीड वाजता यंत्र बंद करून चालू केलं की मोजणी पुन्हा एकपासून. मग नऊपर्यंत पुरे सहाशेही होत नाहीत.

पण हे महाराजांना कसं कळलं? मोटारीच्या वेळी वायरमन होता. इथला वायरमन कोण?

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून दीपा गावातल्या एसटीडी बूथवर गेली आणि तिनं पुण्याच्या कंपनीला फोन लावला. मनवा नावाच्या बाई बोलल्या. प्रोग्रॅम त्यांच्याच हातचा होता.

"सहाशे बारा? हो, तेच," मनवाबाई म्हणाल्या. "आम्ही सहा तारखेलाच फॅक्स पाठवलाय तुमच्याकडे. केदारनं मिळाल्याचं कळवलंय. अजून त्रास होतोय का?"

दीपानं रिसीव्हर घट्ट धरला. सहा तारखेला फॅक्स. नऊ तारखेला महाराज.

"बाई, मला नीट समजावून सांगाल? नक्की काय होतं?"

"सांगते. एखादी टायपिस्ट रोज एकच पत्र टाइप करते असं समजा. आधी ती समोरच्या कागदाकडे बघून एकेक ओळ मारते. शेकडो वेळा झालं की म्हणते, आता पाठ झालं, आणि न बघता भराभर मारत सुटते. आमचा प्रोग्रॅम आणि मशीन यांच्यामध्ये असाच एक दुभाषा असतो. तोही आम्ही बाहेरून घेतलेला एक प्रोग्रॅमच. तो आमची एकेक ओळ मशीनच्या भाषेत सांगतो. एखादा भाग फार वेळा आला की वेग वाढावा म्हणून, काम चालू असतानाच, तो त्या भागाचं भाषांतर कायमचं करून ठेवतो. तुमच्या रांगेच्या भागाचं भाषांतर करताना तो एक ओळ चुकवतो. ते चुकीचं भाषांतर मशीन वापरायला गेलं की कोसळतं."

"आणि ते भाषांतर तो करतो सहाशे दहाच्या पुढे."

"बरोबर. मशीन बंद केलं की ते पुसलं जातं, पुन्हा पहिल्यापासून."

"मग उपाय?"

"दुभाषा ज्यांनी बनवलाय ते तो दुरुस्त करून पाठवतील तेव्हा पाठवतील. तोवर तोडगा. फॅक्समध्ये दोन लिहिलेत. घाईचा असेल तर दुपारी एकदा मशीन रीतसर बंद करून चालू करा, म्हणजे रांगही पुसली जात नाही. नाहीतर सुरुवातीच्या फाईलमध्ये एक ओळ घाला, की बाबा रे, हा एवढा भाग पाठ करू नकोस, दरवेळी कागद बघ. चिठ्ठीला एखादा सेकंद जास्त लागेल. पण पडणार नाही. केदारला हे सगळं माहीत आहे."

"तो फॅक्स मला इथं बूथवर परत पाठवाल?"

अर्ध्या तासात दोन पानं तिच्या हातात होती. पहिला तोडगा महाराजांच्या पूजेत गेला होता. दुसरा कुठं गेला होता, ते केदारसाहेबच जाणोत.

आता हे घेऊन ओरडत यार्डात जायचं? दीपा तेवढी भोळी नव्हती. कागद इंग्रजीत होता, आणि लोकांनी चमत्कार डोळ्यांनी पाहिला होता. ती विष्णुपंतांना बरोबर घेऊन कारखान्याचे चेअरमन आप्पासाहेब यांच्याकडे गेली.

आप्पासाहेबांचा कुणावरच विश्वास नसे, आणि त्या दिवशी ते दीपाच्या फायद्याचं ठरलं. त्यांनी फॅक्स उलटासुलटा पाहिला, चिठ्ठ्या पाहिल्या, पंतांकडे पाहिलं.

"पंत, तुमी बी ह्या पोरीच्या बाजूनं?"

"मी कागदाच्या बाजूनं आहे, आप्पासाहेब," पंत म्हणाले.

"महाराज एकतीस तारखेला मोठं अनुष्ठान करनार हायेत. त्या दिशी ऊस टाकायच्या गव्हाणीसमोरची जागा त्यांच्या मठाला द्यायची, असा शबुद दिलाय मी."

हे दीपाला नवीन होतं. म्हणजे लिंबं एवढ्यासाठी उतरवली जात होती!

"मग त्याआधी एकदा पारख करा," ती म्हणाली. "महाराजांची पूजा होऊ दे. लिंबं, कापूर, मंत्र, सगळं. मला म्हणाल तिथं पाठवा. फक्त यंत्र बंद करायचं नाही. बाधा मंत्रानं जात असेल तर जाईलच."

"आन् न्हाई गेली तर?"

दीपानं एका कागदावर चार ओळी लिहिल्या, पाकिटात घातल्या, गोंद लावला. "यावर तुमची सही करा आणि पंतांकडे ठेवा. यंत्र पडलं तरच उघडा."

आप्पासाहेबांनी सही केली आणि पाकीट पंतांकडे दिलं. "आन् पोरी, तुझंच काई चुकलं तर?"

"तर पत्र आलेलंच आहे. एक जानेवारीची वाट न बघता जाते."

गुरुवारी पुन्हा गर्दी जमली. महाराजांना सगळ्यांसमक्ष विचारण्यात आलं, की आज यंत्र न झोपवता पूजा व्हावी, चालेल का? महाराजांनी केदारसाहेबांकडे पाहिलं. केदारसाहेबांनी जमिनीकडे पाहिलं.

"यंत्रस्नानात निद्रा हा विधी आहे," महाराज म्हणाले.

"म्हंजी शक्ती तुमची का बटनाची?" गर्दीतून लंकाबाईचा आवाज आला. लोक हसले. हसं झाल्यावर मागं हटणं अवघड असतं.

"शक्ती आमचीच!" महाराजांनी शाल झटकली. "पण अट आहे. ती बाई या आवारात नको."

"अजून काय अट असेल तर आत्ताच सांगा महाराज," आप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "मागनं नको."

"दुसरी अट नाही."

म्हणून दीपा कारखान्याच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. कोंडीराम पाळी बदलून तिच्याजवळ येऊन थांबले होते. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. ऐकू येत होता तो फक्त भोंगा. त्या दिवशी पंत रांगेच्या नंबराबरोबर छापून निघणाऱ्या चिठ्ठीच्या कोपऱ्यातला अनुक्रमांकही पुकारत होते.

दीडला पूजा झाली. जयघोष झाला. अडीच वाजले. "अनुक्रमांक पाचशे सत्तर." तीन वाजले. "अनुक्रमांक पाचशे अठ्ठ्याण्णव." आजच नेमकं काही वेगळं झालं तर? मनवाबाईंनी आधीच काही बदललं असेल तर? स्वतःच्या हिशेबावर संशय घ्यायची सवय तिला होतीच, आणि त्या घटकेला ती सवय तिला नकोशी झाली.

"सहाशे दहा."

कोंडीरामांनी बिडी विझवली.

"सहाशे अकरा."

भोंगा खरखरला. "सहाशे बा..."

मग काहीच नाही. भोंगा चालू होता, त्यात पंतांचा श्वास ऐकू येत होता. आतून माणसांचा गलका उठला आणि वाढतच गेला.

"चल," कोंडीराम म्हणाले. "आता कोन आडिवतो बघू."

ती दोघं आत पोचली तेव्हा महाराज पायरीवर उभे राहून बोलत होते. "या यार्डात आणखी कुणाचा तरी विटाळ आहे! कुणी बाई अडचणीत असताना इथं आली असेल. तिनं कबूल व्हावं!"

लंकाबाई कोयता कमरेला खोचून पुढं आली. "महाराज, ह्या यार्डात समद्या बायाच बाया हायेत. वर्साचे बारा म्हयनं आमी बायाच आसतो. ऊस आमच्या हातानं तुटतोय, आमच्या डोक्यावरनं गाडीत चढतोय. त्याचीच साखर तुमच्या परसादात पडती. ती ग्वाड लागती ना तुमास्नी? मंग ह्यो डबाच यवडा सोवळा कशापाई?"

यार्डात हशा पिकला. आप्पासाहेबांनी पाकिटावरची सही सगळ्यांना दाखवून ते फोडलं आणि पंतांनी भोंग्यावर वाचलं.

"यंत्र सहाशे बारा ते सहाशे चौदा या अनुक्रमांकांच्या दरम्यान बंद पडेल. ते माझ्यामुळे पडत नाही. चिठ्ठ्या मोजल्या की कुणालाही हे सांगता येईल. दीपा."

पंतांनी अर्धी छापलेली चिठ्ठी काचेला चिकटवली. ६१२. माणसं एकमेकांना ढकलून बघायला आली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी वाचून घेतलं.

"केदारसाहेब," आप्पासाहेब म्हणाले, "सहा तारखंचा फॅक्स कुठं हाय?"

केदारसाहेब पायरी उतरून खाली आले. "साहेब, मी तुमच्यासमोर सांगितलं होतं की प्रोग्रॅममध्ये एकही दोष नाही. चाचणी पूर्ण केलीय म्हणून सहीही केली होती. चाचणी केलीच नव्हती. फॅक्स आल्यावर महाराज म्हणाले, मी बघतो. त्यांना फक्त वेळ हवी होती, कधी बंद करायचं ती."

"आन् ह्या पोरीचं नाव?"

"ते महाराजांनी घातलं. मी गप्प बसलो."

दीपाला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. तसं वाटलं नाही. तिला संताप आला. महाराजांचा धंदाच खोटं बोलण्याचा, पण हा शिकलेला माणूस पंधरा दिवस रोज तिला शेडमध्ये बसलेली बघत होता, आणि चहा पीत होता.

महाराज कधी गेले ते कळलंच नाही. त्यांची पाच लिंबं तेवढी डब्यावर राहिली. कुणीतरी ती पाणी प्यायच्या माठाजवळ नेऊन सरबताला वापरली, आणि कुणाला काही झालं नाही.

"आता दुरुस्त कर," आप्पासाहेब दीपाला म्हणाले.

"आधी एक पत्र द्या. मला काढल्याचं माघारी घ्या, ते आहेच. पण यंत्र माझ्यामुळे बंद पडत नव्हतं असं त्यात लिहा आणि नोटीस बोर्डावर लावा. जेवढ्या मोठ्यानं पुकारलं गेलं, तेवढ्याच मोठ्यानं ते पुसलं जायला पाहिजे."

आप्पासाहेब कुरकुरले, पण त्यांनी पंतांना कागद घ्यायला सांगितलं. पंतांनी ते पत्र इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, की तसं त्यांनी आयुष्यात दुसरं लिहिलं नसेल.

मग दीपा त्या खोलीत गेली, सुरुवातीची फाईल उघडली, फॅक्समधली ती एक ओळ अक्षर अन् अक्षर ताडून घातली आणि यंत्र चालू केलं. एकच ओळ. एवढ्या ओळीवरून एक माणूस आयुष्यातून उठायला निघालं होतं.

पण खरी पारख दुसऱ्या दिवशी होती. यार्डातले लोक काही सरळ मानणारे नव्हते. "एक डाव पडलं म्हून मंत्र खोटा, तर एक डाव चाललं म्हून ही खरी कशी?" असं एक म्हातारा म्हणाला. दीपाला त्याचा राग आला नाही, उलट तो पटला. शुक्रवारी सकाळी सहाला यंत्र पुन्हा एकपासून सुरू झालं. पूजा नाही, लिंबू नाही, दुपारची झोप नाही. दोन वाजता दीपा आपल्या खुर्चीत बसली. चिठ्ठी निघायला थोडा वेळ जास्त लागत होता.

सव्वातीनला खिडक्यांसमोर पुन्हा गर्दी झाली. पंत पुकारत होते आणि लोक त्यांच्यामागून म्हणत होते. सहाशे दहा. सहाशे अकरा. सहाशे बारा. छपाईयंत्र थांबलं. दीपानं डोळे मिटले नाहीत. सेकंदभरानं ते पुन्हा कुरकुरलं, आणि चिठ्ठी पूर्ण बाहेर आली. मग सहाशे तेरा. मग चौदा. पंधरा. सोळा.

सहाशे तेरावी चिठ्ठी लंकाबाईच्या गाडीची होती. ती घेऊन ती तिथंच उभी राहिली. मागून भागूबाई नावाची एक म्हातारी पुढं घुसली. तिच्या हातात कुंकवाची डबी होती. "पोरी, तुज्या हाताला गुन हाय गं! आमच्या मोटारीला तेवडा हात लावशील? धा दिस झालं बंद हाय."

दीपा खुर्चीतून उठलीच. काल विटाळ होता, आज गुण!

"आजी, माझ्या हाताला काही नाही," ती जरा जोरातच म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काल नव्हतं, आजही नाही. मी फक्त मोजलं. पंतांनी कागद जपले आणि मी ते वाचले. मोटार बंद असेल तर वायर बघा, फ्यूज बघा, लाईट कधी येते ते लिहून ठेवा. आणि कोणी येऊन चमत्कार दाखवला, तर त्याला विचारा, तू काय काय बदललंस? एका वेळी एकच गोष्ट बदलून दाखव. आणि कुणाच्या माथी दोष मारणार असाल, तर आधी बाकी काही न बदलता त्या माणसाला बाहेर उभं करून बघा, की यंत्र चालतं का. माझ्यावर आळ घेताना एवढं जरी कुणी केलं असतं, तरी पुरलं असतं."

ज्यांनी तिला शेडमध्ये बसलेली पाहून तोंड फिरवलं होतं, त्यांतले बरेचजण तिथंच होते.

वाचकहो, कॉम्प्युटर काय किंवा विहिरीवरची मोटार काय, यंत्राला सोवळं-ओवळं कळत नाही. ते बिघडतं ते कारणानं, आणि कारण शोधलं तर सापडतं. कधी लगेच नीट करता येत नाही, तात्पुरता तोडगा काढावा लागतो. त्यात लाज नाही. लाज आहे ती तोडगा लपवून त्याचा मंत्र करण्यात, आणि एका माणसाला बाधा ठरवण्यात. आपल्यासमोर असं काही घडलं तर हात जोडायच्या आधी मोजावं, एवढंच मागणं आहे.

लंकाबाईनं चिठ्ठी पुन्हा एकदा निरखून पाहिली. तिला आकडे येत होते. अक्षरं येत नव्हती.

"म्हातारा म्हनत हुता त्ये बी खरं हाय," ती खिडकीतून दीपाला म्हणाली. "एक दिस चाललं म्हून काय झालं. मी उद्या बी येनार हाय. उद्या बी मोजू."

"मोजू," दीपा म्हणाली, आणि तिनं पुढच्या गाडीचा नंबर घेतला.